वायफायवाले अप्पा

गंगाखेडात परभणी रोडला माझा बार आहे. हॉटेल सुवर्णा, परमिट रूम. लाल पडदे, मंद दिवे, दोन ठिकाणी उसवलेले सोफे, चकण्याला फुटाणे, सगळं रीतसर आहे. आणि तीन वर्षांपासून वायफाय आहे. ते मी हौसेनं घेतलेलं नाही. समोरच्या बारवाल्यानं 'एसी आणि वायफाय फ्री' असा बोर्ड लावला आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. एसी मला झेपणारा नव्हता, म्हणून वायफाय घेतलं आणि बोर्ड मात्र त्याच्यापेक्षा मोठा रंगवून घेतला.

तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप आहे. लोक एक बिअर मागवतात आणि चार तास मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. वायफाय जरा हळू झालं की मी दारूत पाणी घातल्यासारखे माझ्यावर ओरडतात. शेवटी मी नियम केला. पासवर्ड रोज बदलायचा आणि पहिली ऑर्डर टेबलावर आल्याशिवाय तो कुणाला सांगायचा नाही. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टरवाले येतात. कारखान्यावर नंबर लागायला दिवस दिवस जातो, तेवढ्यात ते इथं बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. मागं बाटल्या दिसू नयेत म्हणून सगळ्यांना कोपऱ्यातलंच टेबल पाहिजे असतं, कारण तिथल्या भिंतीवर मी महादेवाचं कॅलेंडर लावलंय. त्या कॅलेंडरखाली बसून एखादा बायकोला उपाशी असल्याचं सांगतो, तेव्हा हातात त्याच्या ऑर्डरचं चिकन घेऊन उभा असलेला माझा वेटर दत्तराव बिचारा आडोशाला थांबतो.

चन्नप्पा पहिल्यांदा आले ते गेल्या पोळ्यानंतर, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. मी त्यांना ओळखत होतो, सगळा मोंढाच, म्हणजे अख्खा धान्यबाजारच ओळखतो. त्यांचं भुसाराचं दुकान आता त्यांचा मुलगा शिवकांत सांभाळतो. घर लिंगायतांचं आणि कडक. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, सकाळी त्याची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. असा माणूस माझा पडदा सारून आत आला तेव्हा मला वाटलं वाट चुकले असतील. मी उठून विचारलं, तर म्हणाले, बाहेरचा बोर्ड वाचून आलोय.

मी नियम सांगितला. त्यांनी थोडा विचार केला आणि सोडा मागवला. बाटली सीलबंद पाहिजे आणि माझ्यासमोर उघडा, असंही बजावलं. दत्तरावनं ग्लास ठेवला तो त्यांनी बोटाच्या टोकानं लांब सारला. माझ्या ग्लासांनी आजवर काय काय पाहिलंय याचा त्यांना बरोबर अंदाज होता. मग मान मागं टाकून, बाटली वर धरून, ओठ न लावता ते वरूनच सोडा प्यायले. सोडा काही असा प्यायची वस्तू नाही. त्यांना जोरात ठसका लागला, नाकातोंडातून सोडा आला, डोळे लाल झाले. दस्तीनं तोंड पुसून त्यांनी पासवर्ड मागितला.

मोबाइलमधलं त्यांना काही जमत नव्हतं. एका चिठ्ठीवरचा नंबर माझ्यापुढं धरून म्हणाले, ह्याला तोंड दिसेल असा फोन लावून दे. मी लावून दिला. पडद्यावर एक मुलगी आली. मी काउंटरवर येऊन उगाच फडकं मारत बसलो. बऱ्याच वेळानं मागं पाहिलं तर अप्पांची पाठ हलत होती.

हळूहळू मला सगळं कळलं. ती त्यांची मुलगी त्रिवेणी. पुण्याला नोकरीत असताना तिनं जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. त्याच महिन्यात शिवकांतची ठरलेली सोयरीक मोडली, सुपारी फुटल्यावर मुलीकडच्यांनी नकार कळवला. घरात भावकी जमली, शिवकांत भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागला. त्या भरात अप्पांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि शपथ घेतली की ह्या उंबऱ्याच्या आत त्रिवेणीचं नाव निघणार नाही आणि तिचा आवाज येणार नाही. लिंग हातावर घेऊन दिलेला शब्द अप्पा मोडणारे नव्हते. पण पोळ्याच्या सुमाराला त्रिवेणीची मैत्रीण भक्ती त्यांना देवळाबाहेर भेटली. त्रिवेणीला दिवस गेलेत, एवढं सांगून तिनं नंबराची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. मग अप्पांनी शपथेचा बारीक विचार केला. शपथ उंबऱ्याच्या आतली होती. बाहेरचं काहीच ठरलेलं नव्हतं.

पण बाहेर तरी कुठं बोलणार? दुकानात शिवकांत, मठात सगळी ओळखीची माणसं. मोबाइलमध्ये शिवकांत नुसता बोलण्यापुरता रिचार्ज टाकायचा, आणि अप्पांना पोरीचं तोंड बघायचं होतं. माझा बार त्यांना दोन कारणांनी पसंत पडला. एक म्हणजे वायफाय. दुसरं असं की त्यांच्यातलं कुणी इथं यायचं नाही, आणि आलंच तर इथं पाहिलं म्हणून बाहेर सांगायचं नाही. हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे समजावून सांगितलं की मला हसू आवरेना. माणूस मला तिथंच आवडला.

रोज पाच ते साडेपाच. पाचच्या आधी कोपऱ्यातलं टेबल मी रिकामं करून ठेवायचो. एकदा एक ट्रॅक्टरवाला उठेना, तेव्हा त्याच्याशी माझं चांगलंच वाजलं. अप्पांनी मुलीला सांगितलं होतं की ते दोस्ताच्या थंड पेयांच्या दुकानातून बोलतात. ती मला मुंजाजी काका म्हणायची आणि दुकान कसं चाललंय विचारायची. थंडीत जरा मंदी असते, असं मी सांगायचो. अडीनडीला असावा म्हणून तिनं तिचा नंबरही मला दिला होता. दोघं काय बोलायचे ते मी ऐकत नव्हतो. पण साडेपाचला उठताना अप्पांचं तोंड असं उजळलेलं असायचं की मला माझ्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटायला लागलं.

घोटाळा केला तो सोड्यानं. मोंढ्यातला अडत्या आबासाहेब माझ्याकडं पडद्यामागं बसतो. एक दिवस त्याला पडद्याच्या फटीतून अप्पा दिसले. मान मागं, बाटली वर, नंतर ठसका आणि लाल डोळे. बाटलीत काय आहे ते त्याला तिथून कुठलं दिसायला? आठ दिवसांत मोंढाभर झालं की चन्नप्पा पाणीसुद्धा घालत नाहीत, थेट बाटलीनं लावतात. विटाळ नको म्हणून ज्या माणसानं ग्लासाला हात लावला नाही, तो त्याच पायी गावातला सगळ्यात पट्टीचा पिणारा ठरला. आपण कुठं पाहिलं हे आबासाहेबाला सांगता येईना, म्हणून तो प्रत्येकाला "कुणीतरी सांगत होतं" असं म्हणायचा.

मग एका दुपारी शिवकांत आला. सडपातळ, तिशी ओलांडलेला, कानाजवळ केस आत्ताच पांढरे. मला वाटलं भांडेल. त्यानं हात जोडले.

"मुंजाजीभाऊ, आमच्या अप्पाला देत जाऊ नका. म्हणत असाल तर पाया पडतो."

माझ्या धंद्याचा एकच धर्म आहे. टेबलावरचं टेबलावर राहतं. बायका विचारायला येतात, पोलीस येतात, मी कुणाला सांगत नाही, आणि इथं तर मी अप्पांना शब्द दिला होता. ते नुसता सोडा पितात, एवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग रोज कशाला येतात? मी गप्प राहिलो. मला पैशाची हाव सुटलीय असं त्याला वाटलं. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तसं पाहून घ्यायची माझी वर्षातून पन्नासदा लायकी असते, पण त्या दिवशी नव्हती. तो गेल्यावर मी काही कारण नसताना दत्तरावला झापलं.

माघाच्या एका गुरुवारी अप्पा आले ते पडलेल्या तोंडानं. शिवकांतनं व्यसनमुक्ती केंद्रात त्यांचं नाव घातलं होतं. शनिवारी सकाळी भाड्याची गाडी येणार होती. महिनाभर तिथं राहायचं, मोबाइल जवळ ठेवायचा नाही. इकडं त्रिवेणीचा नववा सरत आलेला, डॉक्टरांनी दहा दिवसांवरची तारीख दिलेली. नातवंडाचं पहिलं रडणं ऐकायला अप्पा सहा महिने दिवस मोजत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सांगून टाका की खरं काय ते.

"पोरगं वाईट न्हाई रे," अप्पा म्हणाले. "पण त्याची जखम लय खोल हाय. दारुडा म्हणून गेलो तर महिन्यानं वापस येईन, पुन्हा इथं बसंन. हे सांगितलं तर इथलं बी बंद हुईल. मग पोरगी कायमची गेली."

त्या दिवशी त्यांनी त्रिवेणीला सांगितलं की मठातल्या लोकांबरोबर श्रीशैलमला चाललोय, तिकडं मोबाइल लागत नाही. आत्ताच का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेवढं मला काउंटरपर्यंत ऐकू आलं. म्हातारा देवाचं नाव पुढं करून हसत होता, आणि मला गल्ल्यावर बसवेना.

शुक्रवारी सकाळी अकराला बार नुकताच उघडला होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशीला फिनाइलचा वास. समोरच्या दारानं एक ठेंगणी म्हातारी आत आली. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. नागुबाई, अप्पांची बायको. माझ्या बारमध्ये बायका येतात त्या नवऱ्याला ओढून न्यायला आणि दारातूनच शिव्या घालतात. ही शांतपणे सगळीकडं पाहत आत आली आणि विचारलं, ते कुठं बसतात? मी कोपरा दाखवला. खुर्ची खाली घेऊन दिली. ती बसली, टेबलावरून हात फिरवला.

"माझी त्रिवेणी बरी हाय का?"

मी आ वासून बघत राहिलो. मग तिनं सांगितलं. त्रिवेणीला दिवस गेल्याचं भक्तीनं तिच्याही कानावर घातलं होतं, आणि हे रोज कुणासाठी बाहेर जातात ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बेचाळीस वर्षं ती त्यांचे कपडे धूत होती. सदऱ्याला बिडी-सिगारेटचा वास यायचा, दारूचा कधी आला नाही.

"अर्धी भाकर खाणारा माणूस दीड खायला लागला," ती म्हणाली. "दारूनं भूक मरती, बाबा. ही भूक लेकराला बघून लागलेली."

पण देवळात बायका विचारायच्या तेव्हा ती मान खाली घालून म्हणायची, काय करावं, म्हातारपणी नाद लागला. पीत नाहीत म्हटलं असतं तर मग तिथं करतात काय, असं लोकांनी विचारलं असतं. म्हणून त्या सोवळ्या घरातल्या बाईनं इतके महिने दारुड्याची बायको म्हणवून घेतलं आणि नवऱ्यालाही कळू दिलं नाही. या काउंटरमागं बसून मी दारुड्यांच्या बायका खूप पाहिल्या. हे नाव आपण होऊन अंगावर घेणारी एकच पाहिली. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मी विचारलं, तुम्ही स्वतः का नाही बोललात मुलीशी? ती म्हणाली, ह्यांनी शपथ घेतली तेव्हा मी गप्प उभी होते. गप्प राहिले म्हणजे मीपण घेतल्यासारखंच झालं.

मी माझ्या मोबाइलवरून त्रिवेणीला फोन लावला आणि नागुबाईपुढं धरला. मला वाटलं दोघी रडतील. त्रिवेणी तर आईला बघताच रडायला लागलीच. नागुबाईनं तिला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "उठून उभी राहा. पोट बघू दे." त्रिवेणी उभी राहिली, डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलेत म्हणाली. म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं. "खाली आलंय. दहा दिवस कुठले, आठ बी न्हाईत." मग बाळंतिणीला आंघोळ कोण घालणार, शेक-शेगडी कोण करणार, हे विचारलं. त्रिवेणी म्हणाली, एक बाई लावलीय. नागुबाईनं मोबाइल मला परत दिला, पदर सारखा केला.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय," ती मला म्हणाली. "उद्या नऊ वाजता आमच्या गल्लीत ये. खरं सांगणारा एक माणूस पाहिजे. माझ्यावर कुणी इश्वास ठिवणार न्हाई."

शनिवारी मी दाढी-बिढी करून गेलो. दारात गाडी उभी होती. भावकीतली दोन माणसं, शिवकांत दारात, अप्पा हातात पिशवी घेऊन ओसरीवर. आणि गाडीच्या मागच्या सीटवर नागुबाई आधीच बसलेली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, पायाशी जुन्या लुगड्यांचं बोचकं. शिवकांतनं विचारलं, तू कुठं निघालीस? ती खाली उतरली आणि भर गल्लीत उभी राहून म्हणाली, "त्रिवेणीकडं. पुण्याला."

गल्लीत दोन वर्षांनी ते नाव ऐकू आलं. समोर धुणं वाळत घालणाऱ्या बाईचे हात तसेच राहिले. मी पुढं झालो आणि सांगून टाकलं. सहा महिने, रोज पाच ते साडेपाच, एक सोडा आणि त्रिवेणी. मी माझ्या धंद्याचा धर्म मोडला तो एवढाच एकदा.

अप्पा पायऱ्या उतरून नागुबाईजवळ आले. त्यांना तिचं काहीच माहीत नव्हतं.

"तुला ठाव होतं?"

"भाकरी कोण थापतं?" ती म्हणाली.

शिवकांत चौकटीला धरून उभा होता. तो ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "आन माझं काय, अप्पा? तिचं घर बसलं. माझं बसलं न्हाई."

भावकीतले दोघं आपापल्या चपलांकडं बघत राहिले. मग अप्पा बोलले.

"त्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाई, बाळा. पण एक सांगतो. रोज तिचा पहिला सवाल एकच असतोय, दादा काय म्हणतो. आन मी रोज सांगतो, दादा तुझी लय याद काढतो. गळ्यात लिंग हाय, आन सहा महिने रोज खोटं बोलायलोय. दारू न्हाई पिलो. हे केलं."

शिवकांत पायऱ्या उतरून खाली आला. अप्पांच्या हातातली पिशवी घेतली. बापाकडं न बघता त्यानं विचारलं, "आजून काय काय म्हणलो मी?"

अप्पा गडबडले. आठवून सांगायला लागले. "डॉक्टरकडं एकटी जाऊ नको म्हणलास. जिन्यानं वर-खाली करू नको म्हणलास. पोरगी झाली तरी पेढेच वाटायचे म्हणलास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाळणा मामाच आणणार म्हणलास."

शिवकांतनं बाहीनं तोंड पुसलं. बोचकं आणि पिशवी नीट लावून ठेवली, आईबापांना मागं बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसला. ड्रायव्हरनं विचारलं, आता नेमकं कुठं घ्यायची?

"पुण्याला," शिवकांत म्हणाला. "पण आधी परळीत थांब. पाळणा घ्यायचाय."